अण्णांच्या सीटचं एक नंबरचं बटण

या ग्रुपवर मी बराच काळ फक्त वाचायला होतो. खरं सांगायचं तर वाचून हसायला. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... मी चहा पीत वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, "यांच्या घरचं अर्थिंग तपासायला पाहिजे." तेव्हा आज मी लिहितोय हे मलाच अवघड वाटतंय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. तुमच्या जागी मीही हसलोच असतो.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत प्रेशर, टेंपरेचर, लेव्हल मोजणारे सेन्सर सांभाळणं हे माझं काम. सेन्सर खोटं बोलतो त्याची कारणं ठरलेली असतात - वायर, ओल किंवा घाण. चौथं कारण मला नोकरीत कधी भेटलं नाही. आमच्या कंट्रोल रूममध्ये दिवसभर अलार्म वाजत असतात आणि त्यातले अर्धे फुकटचे असतात. म्हणून एक सवय लागते: वाजला की आधी अ‍ॅक्नॉलेजचं, म्हणजे 'बघितलं' सांगायचं, बटण दाबायचं. आवाज बंद होतो. मग सवडीने बघायचं काय झालंय ते. ही सवय लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

आम्ही बोईसरजवळ पाम गावात राहतो. मी, बायको मनीषा, दोन मुलं, आई आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं हार्ट कमजोर होतं, फुप्फुसात पाणी व्हायचं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं - यांना आडवं झोपवायचं नाही, श्वास कोंडेल. घरी ते तीन उशांना टेकून, जवळजवळ बसूनच झोपायचे. दर पंधरा दिवसांनी पालघरला दाखवायला न्यायचं. रिक्षात त्यांचे हाल व्हायचे, म्हणून मी एक सेकंड-हँड सात सीटर घेतली. वरचं मॉडेल. मधल्या रांगेत दोन मोठ्या खुर्च्या, बटणावर पुढे-मागे, वर-खाली होणाऱ्या. मागेपुढे पार्किंग सेन्सर, कॅमेरा, सगळं. आमच्या गल्लीत ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा अर्धी आळी बघायला आली होती, आणि मी अर्थातच मिरवून घेतलं.

डावीकडची खुर्ची अण्णांची. तिला दोन मेमरी होत्या. सीट पाहिजे तशी करायची, सेट दाबून धरायचं आणि एक किंवा दोन दाबायचं, की ती पोझिशन त्या नंबरावर राहते. नंतर नुसता नंबर दाबला की सीट आपली आपण तिथे जाते. एक नंबरवर अण्णा, दोनवर मनीषा. अण्णांना नीट श्वास घेता येईल तो अँगल सापडायला मला एक अख्खी सकाळ लागली होती. "जरा पुढं... नाय, लय झालं... हां. आता बरं हाय." मी कंपनीतला माणूस, मी लगेच सीटच्या बाजूच्या प्लास्टिकवर मार्करने रेघ मारून ठेवली.

अण्णांची एक खोड होती. एसटीत काय, गाडीत काय, बसले की बोटातली अंगठी खिडकीच्या काचेवर वाजवायचे. ठक-ठक-ठक. म्हणजे स्पीडब्रेकर आला. ठक-ठक-ठक, म्हणजे समोर म्हैस आहे. ठक-ठक-ठक, म्हणजे तो टेम्पोवाला बघ कसा चालवतोय. पालघरपर्यंत हे चालूच. मुलं त्याला अण्णांचा अलार्म म्हणायची. मी आरशातसुद्धा न बघता म्हणायचो, "हो अण्णा, बघितलं." पुरेसं असायचं ते त्यांना.

आता माझी चूक सांगतो. ही आजवर फक्त एका माणसाला सांगितली आहे.

एका रविवारी आम्ही सातपाटीला साडूकडे, नीलेशकडे जेवायला गेलो होतो. अण्णा-आई घरीच होते. अंगणात बोंबील वाळत घातले होते, पलीकडे गाडी लावली आणि नीलेश लागला विचारायला, "ही सीट झोपते पण काय?" मला तेवढंच पाहिजे होतं. मी सीट पार आडवी करून दाखवली. तो म्हणाला, "मेमरी म्हणतोस ती कशी?" म्हटलं, हे बघ. आणि ती आडवी पोझिशन सेव्ह केली. दोनवर केली असती तर मनीषाची सेटिंग बिघडली असती आणि घरी जाईपर्यंत बोलणी खावी लागली असती. म्हणून एकवर केली. म्हटलं, अण्णांचं काय, रेघ आहे, नंतर परत करू. सीट उभी केली, पुन्हा एक दाबलं, ती सूंऽऽ करत आपोआप झोपली. नीलेश खूश. तेवढ्यात आतून जेवायला हाक आली. तळलेला पापलेट होता. परतताना मुलगा त्या सीटवर बसला, त्याने नंबर न दाबता नुसत्या स्विचने ती उभी करून घेतली. एक नंबर मी दुरुस्त केला नाही. विसरलो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी. मला सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी घरीच होतो. दहा-साडेदहाला आईने हाक मारली. अण्णा ओट्यावर बसले होते, श्वास लागला होता, ओठ काळपट. मी त्यांना उचलूनच गाडीत ठेवलं. ते पुढे घसरायचे म्हणून नेहमी बेल्ट लावायचो, तो लावला. आई म्हणाली, "थांब, मी येते." मी म्हटलं, "तू साडी बदलेपर्यंत थांबू काय? मनीषाबरोबर रिक्षाने ये मागून!" असं ओरडलो तिच्यावर. मग नेहमीसारखं एक नंबरचं बटण दाबलं, सरकता दरवाजा लावला आणि पुढे येऊन बसलो.

अंगणातून गाडी रिव्हर्स काढायची म्हणजे परीक्षाच असते. मागे शेजाऱ्याचा टेम्पो, बाजूला पाण्याची टाकी. सेन्सर कोकलत होते, मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर डोळे लावून होतो. सीटची मोटर चालत होती ती त्या आवाजात मला ऐकू आली नाही. रस्त्याला लागल्यावर आरशात बघितलं तर अण्णांचं डोकं दिसेना. म्हटलं, टेकले असतील जरा.

बोईसर ओलांडलं. सरावलीला मागून आवाज आला. ठक-ठक-ठक.

मी म्हटलं, "हो अण्णा, बघितलं."

ठक-ठक-ठक. थोडं थांबून पुन्हा ठक-ठक-ठक. मी म्हणत होतो, हो हो, पोचतोय. उमरोळी गेली. समोर ट्रक, ओव्हरटेक जमेना, माझा जीव टांगणीला लागलेला, आणि मागून ते ठक-ठक-ठक. मी ओरडलो, "अण्णा, गप बसा ना जरा! मला गाडी चालवू द्या!" वडिलांशी बोललेले माझे हे शेवटचे शब्द.

हॉस्पिटलच्या फाटकाशी येता येता ठकठक थांबली. मी उतरून दरवाजा सरकवला. सीट सपाट झालेली. अण्णा बेल्टने बांधलेले, उताणे, डोळे उघडे, डावा हात काचेकडे. मला एका क्षणात सगळं कळलं. आणि मी पहिलं काम काय केलं असेल? स्ट्रेचरवाला येईपर्यंत स्विच दाबून सीट उभी केली. डॉक्टर म्हणाले, हार्ट होतंच नाजूक, कधीही झालं असतं. मी मान हलवली. अर्ध्या तासाने आई आली तेव्हा तिला सांगितलं, बसल्या जागी गेले, त्रास नाही झाला. ती रडत रडत म्हणाली, "तेवढं तरी देवानं बरं केलं." पुढचे तेरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत होती, आणि मी शेजारी मुंडण केलेलं डोकं खाली घालून बसलेला असायचो. माझी लाज वाटत होती मला. पण सांगायची हिंमत नव्हती. तिच्याकडे दुसरा काही आधारच उरला नव्हता.

तेरावं झाल्यावर हॉस्पिटलातून काही कागद आणायचे होते. मनीषा बरोबर होती, पुढे माझ्या शेजारी. सरावली आली आणि गाडीचा पार्किंग सेन्सर वाजला. टीं-टीं-टीं. थांबला. टीं-टीं-टीं. गाडी पन्नासच्या स्पीडला. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माहीत असेल, हे सेन्सर रिव्हर्स टाकल्यावर किंवा अगदी हळू जाताना वाजतात. पन्नासला झोपलेले असतात. स्क्रीनवर काही दाखवत नव्हतं.

"अहो, काय वाजतंय हे?" मनीषा म्हणाली.

"चिखल बसला असेल," मी म्हटलं. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत वाजलं आणि बंद झालं. येताना चिडीचूप. मी स्वतःला बजावत होतो - वायर, ओल किंवा घाण.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून बसलो. बंपरमधले सगळे सेन्सर पुसले, कनेक्टर काढून बघितले, समुद्राच्या हवेने गंज चढतो म्हणून स्प्रे मारला. सगळं ठणठणीत. शेवटी सेन्सरचा फ्यूजच उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. अंगणात रिव्हर्स टाकून बघितलं - आवाज नाही. मग एकटाच पालघरला निघालो. सरावलीला वाजलं. टीं-टीं-टीं... मी खिसा चाचपला. फ्यूज खिशात होता. गाडी कडेला घेऊन मी लहान पोरासारखा रडलो.

तरी माझ्यातला टेक्निशियन काही गप बसेना. म्हटलं, दुसऱ्याच्या कानांनी ऐकू दे. बोईसरला अस्लमभाईंचं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे, जुने ओळखीचे आहेत. त्यांना काही न सांगता गाडी दिली. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "साहब, इसमें फ्यूज ही नहीं है. बजेगा कैसे?" मी म्हटलं, चला एक राऊंड मारू. त्यांनी अण्णांच्या सीटचंही एक नंबरचं बटण दाबून बघितलं होतं, ती आडवीच राहिली होती. ते पुढे माझ्या शेजारी बसले.

सरावलीला वाजायला लागलं. अस्लमभाई आधी डॅशबोर्डकडे बघत राहिले, मग कान लावून, मग मागे वळून. आणि तेवढ्यात मोटरचा आवाज आला, सूंऽऽ. मी आरशात बघितलं. मधली सीट उठत होती. हळूहळू, कुणीतरी जपून उठवावी तशी. थांबली. जरा मागे गेली. पुन्हा थांबली.

"साहब, बटन किसने दबाया?"

मी गाडी थांबवून मागे गेलो. सीटची कड मार्करच्या रेघेवर होती. बरोब्बर रेघेवर. मी एक नंबर दाबला तर ती परत आडवी झाली, म्हणजे मेमरीत अजूनही आडवीच पोझिशन होती. अण्णांचा अँगल त्या गाडीत कुठेच साठवलेला नव्हता. फक्त त्या रेघेत होता, आणि रेघ वाचता येईल असं गाडीत काही नाही. अस्लमभाई खाली उतरून उभे होते. म्हणाले, "मैं रिक्शा से जाता हूँ. पैसा मत देना." नंतर कधी या विषयावर आमचं बोलणं झालं नाही.

मी गाडी विकायचं ठरवलं. पण त्याआधी आईच्या डोळ्यांची तपासणी निघाली, पालघरलाच. डॉक्टर हॉस्पिटलच्या फाटकासमोरचेच. मी म्हटलं, ट्रेनने जाऊ. तर म्हणाली, "घरात गाडी असताना जिने कशाला चढायला लावतोस?" आणि ती थेट अण्णांच्या सीटवर जाऊन बसली. आम्ही दोघंच होतो.

सरावलीला सुरू झालं. मी बोलायला गेलो, "आई, हा सेन्सर बिघडलाय..." पण आरशात दिसलं, ती ताठ बसली होती. बराच वेळ ऐकत होती. कोळगावच्या अलीकडे म्हणाली, "हे ते हायत."

"वायरिंगचं असतं ते," मी म्हटलं.

"मला काय फसवतोस? चाळीस वर्षं ऐकलंय मी. गाडी बाजूला घे."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं तरी आवाज चालूच होता. मी मागे वळलो आणि सगळं सांगितलं. साडूला दाखवलेली मेमरी, एक नंबर, बेल्ट, आडवी सीट. मी त्यांना गप बसा म्हणालो तेही. सांगताना मला वाटत होतं, ती मारेल, किंचाळेल. तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "किती येळ वाजवत होते?"

मी म्हटलं, "दोन मिनिटं, आई. फार तर तीन."

देवाशप्पथ सांगतो, ठरवून खोटं बोललो नाही. तोंडातून तेच आलं.

"चल," ती म्हणाली. मी गाडी काढली. आवाज चालूच राहिला. कोळगाव गेलं, पालघरची वस्ती लागली, सिग्नल, गर्दी, आणि ते टीं-टीं-टीं सुरूच. ती सगळं ऐकत होती. फाटकाशी बंद झालं. ती म्हणाली, "सरावलीपासनं इथवर." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्ही गेलोच नाही.

घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. ती एकदम भडकली. "गाडी विकायची नाय. मनीषाला कायबी सांगायचं नाय, पोरांना पण नाय. आणि आज मला पालघरला ने."

"कशाला? काम काय आहे?"

"काम नाय. त्या दिवशी मला मागं ठेवलंस तू. ते एकटे होते."

तेव्हापासून दर मंगळवारी, माझ्या शिफ्टप्रमाणे कधी सकाळी कधी दुपारी, मी आईला पालघरला नेतो. मनीषाला वाटतं देवळात जातो. फ्यूज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी वायरिंग डायग्राम पाठ केलाय, कंपनीतल्या दोन इंजिनियरांना काल्पनिक उदाहरण म्हणून विचारून झालंय, दोघंही म्हणाले शक्य नाही. मलाही तसंच वाटतं. मोजता येणाऱ्या सगळ्या गोष्टी मोजून झाल्या. माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर ते मला ऐकायचं आहे की नाही तेही आता नक्की सांगता येत नाही.

सरावली आली की आई पदर सावरून बसते. टीं-टीं-टीं, तीन ठोके पडतात. ती काचेवर हात टेकवते आणि म्हणते, "अवो, मी हाय." पुन्हा ठोके पडतात. "मी हाय ना. बसलेय इथंच." प्रत्येक ठोक्याला उत्तर देते ती, उमरोळीपर्यंत, कोळगावपर्यंत, फाटकापर्यंत. एकही चुकवत नाही. माझ्याशी त्या वाटेवर एक अक्षर बोलत नाही. मी आरशात बघत नाही, गाडी सावकाश चालवतो.